बदके पाळावीत की नाही? : पिल्ले आणण्यापूर्वी करावयाचा विचार

काही आठवडी बाजारांत व जत्रांत बदकांची पिल्ले विक्रीस येतात. टोपलीत दाटीवाटीने बसलेली, पिवळ्या मऊ लवेची ही पिल्ले पाहून मुलांचे मन लोभावते, आणि पुष्कळदा बाजारहाट आटोपता आटोपता दोन पिल्ले पिशवीतून घरी येतात. त्यांना कोठे ठेवावयाचे, काय खावयास घालावयाचे आणि रात्री त्यांची राखण कशी करावयाची, हे प्रश्न घरी पोहोचल्यावर सुचू लागतात. दुसऱ्या दिवशी मुले हौसेने पिल्लांना हौदात पोहावयास सोडतात. संध्याकाळी त्यांतील एक गारठून मरते. उरलेले एकटे पडते आणि रात्रभर ओरडत राहते. अशा वेळी दोष बदकाचा नसतो, मुलांचाही नसतो. निर्णय घेण्यापूर्वीच खरेदी झाली, हाच काय तो दोष होय.

बदक हा काटक पक्षी आहे, ही गोष्ट खरी. कोंबड्यांच्या कित्येक रोगांना तो सहसा बळी पडत नाही, आणि पावसापाण्याचेही त्याला भय नाही. परंतु त्याचा काटकपणा चार गोष्टींवर अवलंबून आहे : पुरेसे पाणी, जातभाईंची सोबत, रात्रीचा बंदिस्त निवारा आणि वर्षानुवर्षे पाहणारा माणूस. यांपैकी एकाचीही वाण असेल, तर बदके न पाळणे हाच योग्य निर्णय समजावा. या चारही गोष्टी आपल्या घरी आहेत किंवा नाहीत, हे कसे ठरवावे, याचा विचार पुढे केला आहे.

बदकाचे कुळ व स्वभाव

मस्कोव्ही ही जात वगळली, तर जगातील सर्व पाळीव बदके मॅलार्ड नावाच्या एकाच रानबदकापासून निपजलेली आहेत. मस्कोव्ही मूळची अमेरिका खंडातील असून तिचे कुळ निराळे आहे. अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल ही जात प्रसिद्ध आहे. ती विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये तयार झाली. मांसासाठी पांढरी पेकिन ही जात पाळतात. ती मूळची चीनची. सरळ उभे राहून धावणारी इंडियन रनर ही जातही अंड्यांसाठी चांगली समजली जाते. याखेरीज आसाम, बंगाल, केरळ इत्यादी भातशेतीच्या प्रदेशांत गावठी बदके मोठ्या संख्येने पाळली जातात.

घरी हौसेखातर दोन-चार बदके पाळावयाची असतील, तर जातीपेक्षा स्वभावाचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. बदक कळपाने राहते, कळपाने चरते आणि कळप नजरेआड झाला की घाबरते. अंड्यातून बाहेर पडल्यावर जी हालती वस्तू प्रथम दिसेल तिच्या मागे पिल्लू लागते. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३५ साली या प्रवृत्तीचे सविस्तर वर्णन केले. पुढे १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. एकटे पिल्लू घरातील मुलाच्या मागे मागे फिरते, ते याच प्रवृत्तीमुळे. पाहणाऱ्यास त्याचे कौतुक वाटते. परंतु मूल शाळेत गेले की त्या पिल्लाला आई हरवल्यासारखेच होते. म्हणून एकटे बदक कधीही पाळू नये. निदान तीन, आणि शक्य असल्यास चार पाळावीत.

कळपात नरांची संख्या जास्त झाल्यास ते माद्यांच्या मानेवरील पिसे उपटतात व त्यांना जखमी करतात. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरेसा होतो. पिल्ले नको असतील, तर नर मुळीच नसला तरी चालेल; माद्या नराविनाही अंडी घालतात. मोठ्या बदकांत नर व मादी ओळखणे सोपे असते. मादी मोठ्याने ओरडते, नराचा आवाज बसका व हलका असतो. मस्कोव्हीखेरीज इतर जातींत नराच्या शेपटीवर वर वळलेली एक-दोन पिसेही दिसतात. शेजारी लागून घर असेल, तर माद्यांच्या ओरडण्याचा विचार आधी करावा आणि शेजाऱ्यांची संमती घ्यावी.

पहिली कसोटी : पाणी

बदकाला पोहण्यासाठी तळे असलेच पाहिजे, हा समज बरोबर नाही. पिण्यापुरते पाणी दिले की झाले, हाही समज बरोबर नाही. चोच नाकपुड्यांसह बुडेल आणि डोके डोळ्यांपर्यंत पाण्यात घालता येईल, इतके खोल पाणी बदकाला रोज लागते. सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर खोलीचे भांडे त्यास पुरते. डोके बुडविता आले नाही, तर नाकपुड्यांत चिखल व खाद्य अडकते आणि डोळ्यांभोवती खपल्या धरतात. खाद्य गिळतानाही बदकाला पाणी जवळ हवे असते. यासाठी खाद्य व पाणी नेहमी एकाच वेळी उपलब्ध असावे.

बदके पाणी फार लवकर घाण करतात. चार बदकांचे पाणी दिवसातून दोनदा बदलावयाचे म्हटले, तर रोज किमान दोन बादल्या लागतात. पंधरा लिटरची बादली धरली, तर महिन्याला ९०० लिटर होतात. उन्हाळ्यात याहून अधिक. ज्या गावात वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हे ९०० लिटर कोणाच्या वाट्यातून काढावयाचे आणि ते कोणी वाहून आणावयाचे? बहुतेक घरांत पाणी आणण्याचे काम स्त्रियांकडे असते. म्हणून बदके आणण्याचा निर्णय त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यांचे उत्तर नकारार्थी असेल, तर प्रश्न तेथेच संपला असे समजावे.

जेथे पाणी आहे तेथे हे घाण झालेले पाणी वाया जात नाही. ते विष्ठेमुळे खतासारखे असते. माड, केळी व परसातील भाजीच्या झाडांना ते घालता येते. मात्र पालेभाजी, कोथिंबीर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांवर ते शिंपडू नये. पिण्याच्या विहिरीपासून बदकांची जागा दूर आणि उताराच्या बाजूस असावी. विहिरीच्या कट्ट्याजवळ बदके कदापि ठेवू नयेत.

दुसरी कसोटी : रात्रीचा निवारा

दिवसा बदक स्वतःचा बचाव थोडाफार करू शकते. रात्री मात्र ते अगदी असहाय असते. कोंबडीप्रमाणे ते फांदीवर किंवा आढ्यावर जाऊन बसत नाही, जमिनीवरच झोपते. मुंगूस, रानमांजर, कोल्हा व मोकाट कुत्री हे त्याचे शत्रू होत. अंडी व पिल्ले यांना सापाचेही भय असते. दारात एखादी टोपली उपडी घालून बदके झाकली म्हणजे निवारा झाला, असे नव्हे.

प्रत्येक मोठ्या बदकामागे सुमारे ०.३ चौरस मीटर म्हणजे तीन चौरस फूट जागा रात्रीच्या खुराड्यात असावी, आणि दिवसा फिरण्यासाठी दहा ते पंधरा चौरस फूट कुंपणातील जागा निराळी असावी. खुराडे महाग असण्याचे कारण नाही. कुडाच्या किंवा विटांच्या भिंती, कौलांचे अथवा पत्र्याचे छप्पर आणि वारा खेळण्यासाठी वरच्या बाजूस जाळी, एवढे पुरते. जाळीची छिद्रे सुमारे १२ मिलिमीटरची व तार जाड असावी. बारीक तारेची मोठ्या छिद्रांची जाळी कुत्रे सहज फाडते. जाळी जमिनीत थोडी पुरावी, म्हणजे मुंगसाला उकरून आत शिरता येत नाही. तळाशी भाताचे तूस किंवा पेंढा अंथरावा आणि तो ओला झाला की बदलावा. दाराला कडी असावी, आणि ती रोज दिवेलागणीस न चुकता लावणारा माणूस ठरलेला असावा. एका संध्याकाळच्या विसराळूपणाने सगळा कळप जातो.

कोंबड्यांच्या खुराड्यात बदके ठेवणे हिताचे नाही. बदकांमुळे तळ ओला होतो आणि ओल्या जागेत कोंबड्यांना रक्ती हगवणीसारखे रोग जडतात. दोघांची घरे निराळी असावीत.

तिसरी कसोटी : खाद्य

घरातला शिळा भात व पोळीचे तुकडे खाऊन बदक जगते, परंतु धड राहत नाही. अंडी देणाऱ्या मोठ्या बदकाला रोज सुमारे १५० ग्रॅम खाद्य लागते. चार बदकांचे रोज ६०० ग्रॅम, महिन्याचे १८ किलो आणि वर्षाचे सुमारे २२० किलो होते. भातखाचरे, बोडी किंवा ओढा जवळ असून बदकांना तेथे चरता आले, तर गोगलगायी, किडे, शेवाळ व सांडलेले धान्य खाऊन ती बराच भाग स्वतः मिळवितात. तांदळाची कणी, भाताचा कोंडा, पेंड, सुकट आणि शिंपल्यांचा चुरा यांचे मिश्रण करून ते पाण्याने ओलसर द्यावे. कोरडे पीठ बदकाच्या घशात अडकते. ओलविलेले खाद्य त्याच दिवशी संपेल इतकेच करावे, कारण ते लवकर आंबते.

पिकाचाही विचार करावा. कोवळी रोपे व लोंबीवर आलेले भात यांच्यात बदके शिरली तर नुकसान होते. रोपे चांगली रुजल्यापासून लोंब्या बाहेर पडेपर्यंत ती खाचरात उपयोगी पडतात. ज्या शेतात नुकतेच कीटकनाशक फवारले आहे, तेथे त्यांना सोडू नये.

पेंडीविषयी विशेष सावधगिरी हवी. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. बदकांची पिल्लेही दगावली. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली होती. त्या तपासातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष उघडकीस आले. बदकाचे पिल्लू या विषाला इतके लवकर बळी पडते की, पेंडीत विष आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी संशोधकांनी बदकांच्या पिल्लांचाच उपयोग केला. म्हणून ओल लागलेली, कुबट वासाची पेंड किंवा मका, जनावरास चालेल असे म्हणून, बदकांपुढे टाकू नये. पावसाळ्यात खाद्य थोडे थोडे आणावे आणि जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावे.

पिल्लांचे पहिले चार आठवडे

बदकाची अंडी २८ दिवसांत फुटतात. मस्कोव्हीला सुमारे ३५ दिवस लागतात. खाकी कॅम्पबेलची मादी अंड्यांवर सहसा नीट बसत नाही. यास्तव तिची अंडी खुडूक कोंबडीखाली किंवा यंत्रात उबवितात. कोंबडीखाली वाढलेल्या अथवा यंत्रात जन्मलेल्या पिल्लांविषयी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. बदकाची आई आपल्या शेपटीजवळच्या ग्रंथीतील तेल पिसांना लावते आणि तिच्या सहवासात पिल्लांच्या अंगालाही ते लागते. आईविना वाढणाऱ्या पिल्लास हे संरक्षण नसते. पाण्यात सोडताच त्याची लव भिजते, ते गारठते व मरते. म्हणून अशी पिल्ले चार आठवड्यांची होईपर्यंत पोहावयास सोडू नयेत. पिण्याच्या पसरट भांड्यात स्वच्छ गोटे घालावेत, म्हणजे चोच बुडते पण पिल्लू आत शिरत नाही.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३० अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढे ती हळूहळू कमी करावी. थर्मामीटर नसल्यास पिल्लांकडे पाहावे. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर ऊब कमी आहे. दिव्यापासून दूर पळून धापा टाकू लागली तर जास्त आहे. सारखी पसरून खात-पीत असतील तर बरोबर आहे.

कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य बदकाच्या पिल्लांना दिले, तर नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडण्याचा संभव असतो. बदकाच्या पिल्लाला खाद्याच्या प्रत्येक किलोत सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागते. कोंबडीच्या पिल्लाची गरज याहून बरीच कमी आहे. ते कमी पडल्यास पाय वाकडे होतात आणि पिल्लू चालेनासे होते. खाद्यात सुके यीस्ट मिसळल्याने ही उणीव भरून निघते. त्याचे प्रमाण पशुवैद्यकांस विचारून ठरवावे.

बदकांना पायांना धरून उलटे उचलू नये. त्यांचे पाय नाजूक असतात व सहज मोडतात. दोन्ही हातांनी पंखांसह अंग धरून उचलावे आणि मुलांनाही तसेच शिकवावे.

बदकांचे व माणसांचे आरोग्य

बदकांचा प्लेग हा विषाणूजन्य रोग मोठ्या बदकांना होतो आणि कळपच्या कळप नेतो. त्यावर लस आहे. ती साधारणतः आठ ते बारा आठवड्यांच्या वयात टोचतात. कॉलरा या रोगावरही लस मिळते. लस कधी व कोठे मिळेल, याची चौकशी बदके आणण्यापूर्वी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात मेलेले मासे व कुजका पाला साचतो. त्यात बॉटुलिझमचे विष तयार होते, आणि ते पोटात गेलेल्या बदकाची मान लुळी पडते. अशी डबकी कुंपणाबाहेर ठेवावीत.

बर्ड फ्ल्यूचा भारतातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. २०२१ च्या जानेवारीत केरळातील बदकांत व परभणी जिल्ह्यातील कोंबड्यांत तो पुन्हा आढळला. बदकांच्या अंगी हा विषाणू पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखविता राहतो, आणि रानबदकांच्या सहवासातून तो घरच्या बदकांपर्यंत पोहोचू शकतो. उद्रेक झाल्यास बाधित क्षेत्रातील कोंबड्यांबरोबर हौसेने पाळलेली बदकेही नष्ट करावी लागू शकतात. मुलांना लळा लागलेल्या घरी हा प्रसंग कठीण असतो. त्याची जाणीव आधीच असावी. एकाएकी अनेक पक्षी मेले, तर त्यांना हात न लावता दवाखान्यास त्वरित कळवावे.

बदकांना हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय घरातील प्रत्येकास लावावी. निरोगी दिसणाऱ्या बदकाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात, आणि लहान मुलांना त्यांची बाधा लवकर होते. बदकाची अंडी पुरती शिजवूनच खावीत.

अंड्यांची अपेक्षा

खाकी कॅम्पबेलची मादी पाच महिन्यांच्या सुमारास अंड्यावर येते आणि उत्तम व्यवस्था असल्यास वर्षाला २५० ते ३०० अंडी देते. गावठी माद्या त्याच्या निम्म्याच्या आसपास देतात. बहुतेक अंडी पहाटे व सकाळी नऊच्या आत घातली जातात. म्हणून तोवर बदके खुराड्यातच ठेवावीत. नाही तर अंडी तळ्यात व झुडपांत हरवतात. परंतु पुढील वर्षांत अंड्यांची संख्या घटत जाते, आणि चांगली निगा राखलेले बदक आठ-दहा वर्षेही जगते. केवळ हौसेने पाळणाऱ्याने अंडी न देणाऱ्या वर्षांचाही खर्च धरावा. उत्पन्नासाठी पाळणाऱ्याने जुन्या बदकांचे काय करावयाचे, हे आधीच ठरवावे आणि मुलांपासून लपवू नये.

नकोशी झालेली बदके गावच्या तलावात सोडून देणे, हा मार्ग नव्हे. जड अंगाची पाळीव बदके उडून जाऊ शकत नाहीत आणि थोड्याच दिवसांत कुत्र्यांच्या तोंडी पडतात. शिवाय ती तेथील रानपक्ष्यांना रोग देऊ शकतात. याच्या उलट, तलावावरील हळदी-कुंकू बदक, अडई इत्यादी रानबदके पकडणे किंवा त्यांची अंडी आणून उबविणे, हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

निर्णय कसा घ्यावा

दोन घरांची कल्पना करू. भंडारा जिल्ह्यातील एका घराशेजारी बोडी आहे, भाताची खाचरे आहेत, कोंडा व कणी घरचीच आहे, आणि म्हातारे आजोबा दिवसभर घरी असतात. माण तालुक्यातील दुसऱ्या घरी मुलांची हौस तेवढीच मोठी आहे. पण उन्हाळ्यात पाणी विकतचे आहे आणि आईबाप दोघेही पहाटे कामावर जातात. पहिल्या घरी आधी खुराडे बांधून मग चार बदके आणण्यास हरकत नाही. दुसऱ्या घरी बदके न आणण्यातच शहाणपण आहे. तेथे दोन गावठी कोंबड्या पाळाव्यात. त्यांना पाणी पुष्कळच कमी लागते. मुलांवर प्रेम दोन्ही घरी सारखेच आहे. परिस्थिती निराळी, म्हणून निर्णय निराळा.

ज्या घरी मन द्विधा असेल, तेथे ग्रामसेवकांनी व पशुधन पर्यवेक्षकांनी आठवडाभराची परीक्षा सुचवावी. ती अशी :

१. रोज सकाळी एक व संध्याकाळी एक अशी दोन बादल्या पाणी आणून परसातील झाडांना घालावे.

२. रोज ६०० ग्रॅम कणी-कोंडा मोजून एका डब्यात बाजूस काढावा आणि आठवड्याच्या शेवटी त्याची किंमत लिहावी.

३. दिवेलागणीस, ज्या जागी खुराडे होणार तेथे, घरातील ठरलेल्या माणसाने जाऊन यावे. पावसातही खाडा करू नये.

४. लग्नकार्यास किंवा यात्रेस सर्वजण गेल्यास बदके कोण पाहील, त्या माणसाला प्रत्यक्ष विचारून यावे.

आठ दिवसांत एकदाही चुकले नाही आणि घरातील कोणी कुरकुर केली नाही, तर ते घर बदके पाळण्यास योग्य आहे. चौथ्या दिवशीच बादली राहून गेली, तर काहीही न गमावता उत्तर मिळाले असे समजावे. हीच गोष्ट पिल्ले आणल्यावर कळली असती, तर त्याची किंमत पिल्लांना द्यावी लागली असती.

पाळण्याचे ठरल्यास क्रमही ध्यानी ठेवावा. प्रथम खुराडे व कुंपण, मग पाण्याची भांडी व खाद्याचा साठा, मग दवाखान्यात लशीची चौकशी, आणि सर्वांत शेवटी पिल्ले. पिल्ले शासकीय प्रक्षेत्रावरून अथवा खात्रीच्या उत्पादकाकडून घ्यावीत. बाजारातील रंगविलेली, मरगळलेली पिल्ले दयेपोटीही घेऊ नयेत, कारण त्या दयेनेच तो व्यापार वाढतो.